फी सारखी, कर्ज सारखं, पगार मात्र मेजरप्रमाणे

२०२५च्या मार्चमधली गोष्ट. शेजारची मुलगी तीन कॉलेजांची पत्रं घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आली. बारावी संपत आलेली, प्रवेश तिन्हीकडे मिळालेला. मी हिशेबाचं काम करते हे तिला ठाऊक होतं. तिला लहान मुलांची शिक्षिका व्हायचं आहे, अगदी बालवाडीच्या वयाच्या मुलांची. तिची आई दोन पाळ्यांत काम करते, त्यामुळे पत्रं नीट वाचायला घरी कुणी नव्हतं.

मी पोह्यांखालचा गॅस बंद केला आणि पत्रं टेबलावर मांडली. इथे अमेरिकेत प्रवेशाबरोबर कॉलेज एक कागद पाठवतं. वर वर्षाचा खर्च, खाली ‘तुम्हाला मिळालेली मदत’. त्या मदतीच्या यादीत पहिली ओळ पेल ग्रँटची, म्हणजे सरकारी अनुदानाची. हे पैसे परत करायचे नसतात. त्याखाली ३,५०० डॉलर सबसिडाइज्ड लोन, ज्याचं शिकत असतानाचं व्याज सरकार भरतं, मग २,००० डॉलर अनसबसिडाइज्ड लोन, ज्याचं सगळं व्याज आपलं. तिसऱ्या पत्रात आणखी एक मोठा आकडा होता, पेरेंट प्लस लोनचा, म्हणजे आईच्या नावावरचं कर्ज. सगळ्याची बेरीज करून खाली लिहिलं होतं की आता तुम्हाला भरायचे शून्य. मुलगी खूश होती. मी पेन घेऊन कर्जाच्या ओळींभोवती एकेक चौकट काढली, तसा तिचा चेहरा उतरत गेला. असं एखाद्याच कॉलेजात होतं असं नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२२ साली अंदाज दिला होता की ९१ टक्के कॉलेजं विद्यार्थ्याला खरोखर किती पैसे भरावे लागतील हे या पत्रात एकतर देतच नाहीत किंवा कमी करून दाखवतात.

आपल्याकडे शाखा आधी ठरते आणि फी शाखेप्रमाणे असते. बीए आणि एमबीबीएस यांच्या फीमध्ये जमीनअस्मानाचा फरक, त्यामुळे कर्जाचा आकडाही त्याच मापाने ठरतो. इथे तसं नाही. बहुतेक कॉलेजांत इतिहास घ्या की कॉम्प्युटर, फी जवळपास तीच. काही विद्यापीठं इंजिनिअरिंगला किंवा बिझनेसला थोडी जास्त लावतात, तेवढंच. मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, तर बरीच मुलं दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ठरवतात. सरकारी कर्जाची मर्यादाही सगळ्यांना एकच: आईवडिलांवर अवलंबून असलेल्या मुलाला पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढे दर वर्षी ७,५०० डॉलर. चार वर्षांचे २७,०००. कर्ज देताना ‘तू शिकून काय होणार?’ असं कुणी विचारत नाही.

पगाराच्या वेळी मात्र ते विचारलं जातं. न्यूयॉर्कची फेडरल रिझर्व्ह बँक मेजरप्रमाणे नव्या पदवीधरांची कमाई प्रसिद्ध करते. त्या वर्षीच्या तक्त्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगवाल्यांची सुरुवातीची मध्यम कमाई वर्षाला ८०,००० डॉलर होती, आणि बालशिक्षणाची ४०,००० च्या आसपास. २७,००० चं कर्ज २०२५-२६च्या ६.३९ टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता साधारण ३०५ डॉलर. इंजिनिअरला तो जाणवणारही नाही. बालवाडीच्या बाईंच्या हातात भाडं आणि गाडीचा विमा भरल्यावर जे उरतं, त्यातला मोठा तुकडा तो घेऊन जातो. पदवी मिळाल्यावर सहा महिने सवलत असते, नंतर हप्ता सुरू. दिवाळखोरीतही हे कर्ज सहजासहजी सुटत नाही.

पण त्याच तक्त्यात आणखी एक आकडा आहे, आणि घरून फोन करणाऱ्या प्रत्येकाला मी तो सांगते. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या नव्या पदवीधरांत बेकारी ७.५ टक्के, कॉम्प्युटर सायन्समध्ये ६.१, आणि कलेचा इतिहास शिकलेल्यांत ३. ‘कॉम्प्युटर घेतलं की झालं’ हे माझ्या पिढीचं पाठांतर आता पुरत नाही. मिळाली तर नोकरी भरपूर पगाराची, पण मिळेपर्यंतचा काळही हिशेबात धरायला हवा.

शिक्षण खात्याच्या कॉलेज स्कोअरकार्ड या संकेतस्थळावर २०१९ पासून एकाच कॉलेजातल्या एकेका विषयाचं कर्ज आणि कमाई शेजारी शेजारी दिसते. त्या संध्याकाळी आम्ही तिन्ही कॉलेजं तिथे काढली. बालशिक्षणाच्या कमाईत तिन्हींत फारसं अंतर नव्हतं. एवढंच बघून तिसरं, महागडं कॉलेज बाद झालं. मात्र हे आकडे वापरताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. त्यांत फक्त सरकारी मदत घेतलेली मुलं मोजलेली असतात. आणि शिकणाऱ्याच्या कर्जाचा जो आकडा समोर येतो, त्यात आईचं पेरेंट प्लस धरलेलं नसतं.

तिला मी एकदाही म्हटलं नाही की विषय बदल. चार वर्षांच्या मुलाला पेन्सिल धरायला शिकवणाऱ्या बाईला हा देश इतके कमी पैसे देतो, हा दोष तिच्या निवडीचा नाही. मला राग येतो तो यावर. तिने घराजवळचं सरकारी कॉलेज घेतलं, राहायला घरीच, आणि आईला कर्जावर सही करावी लागली नाही. चार वर्षं पूर्ण कर, एवढं मात्र मी तिला दोनदा बजावलं. हप्ते थकण्याचं प्रमाण कर्ज घेऊन पदवी अर्धवट सोडलेल्यांत जास्त असतं.

त्याच आठवड्यात सांगलीहून बहिणीच्या मुलाचा फोन आला. त्याला अर्थशास्त्रात एमएस करायला यायचं आहे. परदेशी मुलांना इथलं सरकारी कर्ज मिळत नाही, तेव्हा बँकेचं कर्ज, घर तारण. मी त्याला विषय नाही, विषयाचा सरकारी क्रमांक विचारला. तो गोंधळला. इथे प्रत्येक अभ्यासक्रमाला एक सीआयपी क्रमांक असतो. साध्या अर्थशास्त्राचा ४५.०६०१, आणि गणिती-संख्यात्मक अर्थशास्त्राचा ४५.०६०३. पहिला स्टेमच्या, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनिअरिंग-गणित विषयांच्या, सरकारी यादीत नाही, दुसरा आहे. पुस्तकं बरीचशी तीच, प्राध्यापकही कदाचित तेच. पण पहिल्यावाल्याला पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या कामाच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं, दुसऱ्याला त्यावर आणखी २४ महिने मागता येतात. आपल्या बँकांचे हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने सुरू होतात. म्हणजे पहिल्यावाल्याची डॉलरची कमाई थांबायची वेळ आणि घरावरचा हप्ता सुरू व्हायची वेळ हातात हात घालून येते.

“मावशी, हे कुठल्याच कन्सल्टंटने सांगितलं नाही,” तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, विभागाला आज ईमेल कर, क्रमांक लेखी माग, तोवर कर्जाच्या कागदावर दाजींना सही करू देऊ नकोस.

चार दिवसांनी उत्तराचा स्क्रीनशॉट आला. ४५.०६०३. खाली त्याने लिहिलं होतं, “बाबांना दाखवला. उद्या बँकेत जातोय.”