बाराच्या ठोक्याआधी

म्युनिकमधल्या मुक्कामाच्या दुसऱ्याच दिवशी मी खाटकाच्या दुकानातून आणलेली चार वाइसवुर्स्ट, म्हणजे वासराच्या मांसाची पांढरी सॉसेजेस, खळखळ उकळत्या पाण्यात सोडली आणि पाच मिनिटांच्या आत त्यांतली तीन फुटली. पाण्यावर पांढरा चुरा तरंगू लागला, त्यात पार्सलीचे हिरवे ठिपके फिरू लागले आणि आतली सगळी चव पातेल्यात उतरली. ज्यांच्या घरातली एक खोली आम्ही भाड्याने घेतली होती, त्या घरमालकीणबाई स्वयंपाकघरात आल्या, त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिले आणि न रागावता, पण अगदी ठामपणे सांगितले की पाण्याला उकळी आली की आधी आच बंद करायची, पाणी थोडे निवू द्यायचे आणि मगच सॉसेजेस त्यात सोडून दहाएक मिनिटे नुसती पडू द्यायची. वाइसवुर्स्ट शिजवायचे नसते, गरम करायचे असते; ते बनवतानाच शिजलेले असते. पुढच्या आठवड्यात दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतातल्या तीन शहरांत आम्ही जे खाल्ले-प्यायले, त्याची गोडी मला बाईंच्या त्या शिकवणीमुळे लागली. इथल्या प्रत्येक सॉसेजला आणि प्रत्येक बिअरला आपली रीत असते, आपली वेळ असते आणि आपले गाव असते. ती सांभाळली तरच चव हाती लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ वाजता आम्ही बाईंनीच सुचवलेल्या एका जुन्या खाणावळीत गेलो. झाकण असलेल्या चिनी मातीच्या भांड्यात, वाफाळत्या पाण्यात बुडालेली दोन वाइसवुर्स्ट समोर आली. सोबत गोड मोहरी, एक ताजे प्रेत्झेल, म्हणजे गाठीच्या आकाराचा खारट पाव, आणि अर्ध्या लिटरच्या उंच, कमरेत बारीक असलेल्या पेल्यात वाइसबिअर, म्हणजे गव्हाची बिअर. न्याहारीला बिअर घेण्याचा संकोच मला होता, पण शेजारच्या टेबलावर सत्तरीतल्या दोन आजी वर्तमानपत्र वाटून घेऊन वाचत तेच खात-पीत होत्या, तेव्हा तो संकोच आपोआप गेला.

वाइसवुर्स्टचे वरचे आतड्याचे आवरण खायचे नसते. जुनी माणसे सॉसेज हातात धरून, टोक मोहरीत बुडवून, आतला भाग ओठांनी ओढून खातात. या क्रियेला बव्हेरियन बोलीत ‘त्सुत्सेल्न’ असा खास शब्दच आहे. मला ते जमण्यासारखे नव्हते. वाढणाऱ्या माणसाने सुरीने लांबीभर एक चीर दिली, काट्याने एक बाजू दाबून धरली आणि सुरी हलकेच गोल फिरवताच पातळ पापुद्रा सलग सुटून ताटाच्या कडेला पडला. आत वासराचे मांस आणि डुकराच्या पाठीची चरबी इतकी बारीक वाटलेली होती की जिभेवर कणही लागत नव्हता. वाटताना यंत्रात बर्फ घालतात, कारण पात्यांच्या वेगाने मांस तापले तर चरबी सुटते आणि सारण फाटते. मसालाही मवाळच: पार्सली, लिंबाची साल, कांदा, जायपत्री. मांसाचा रंग गुलाबी राखणारे नायट्राइटचे मीठ त्यात नसते, म्हणून तर ते पांढरे.

सॉसेजने दुपारी बाराचे टोले ऐकू नयेत, असे म्युनिकमध्ये म्हणतात. बर्फाची कपाटे नव्हती त्या काळी हे न धुरावलेले, ताजे सॉसेज पहाटे करायचे आणि दुपारच्या आत संपवायचे, त्यातून हा नियम आला. आज शीतगृहे आहेत, तरीही पुष्कळ ठिकाणी बारानंतर ते मिळत नाही, आणि मला यात हट्टापेक्षा शहाणपण अधिक दिसते. या सॉसेजच्या जन्माची कथाही सांगतात: 22 फेब्रुवारी 1857 रोजी मारीएनप्लात्स या चौकातल्या एका खाणावळीत भाजायच्या सॉसेजसाठी लागणारे मेंढीचे बारीक आतडे संपले, म्हणून झेप मोझर या खाटकाने सारण डुकराच्या जाड आतड्यात भरले आणि भाजताना ते फुटेल या भीतीने गरम पाण्यात ठेवले. कथेत भर किती आणि खरे किती, हा भाग सोडला तरी आदल्या दिवशीचे माझे पातेले आठवून मला मोझरची ती भीती अगदी जवळची वाटली.

वाइसबिअर ओतणे ही तर पाहत राहावी अशी गोष्ट आहे. पेला आधी गार पाण्याने विसळतात, म्हणजे फेस काबूत राहतो. मग तो जवळजवळ आडवा धरून बाटलीतली बिअर काचेच्या कडेने अगदी सावकाश उतरवतात. तळाशी दोन बोटे बिअर उरली की बाटली गोल गोल हलवून खाली बसलेले यीस्ट जागे करतात आणि ते शेवटी वरून सोडतात. सोनेरी पेला डोळ्यांदेखत गढूळ होतो आणि वर चार बोटे फेस चढतो. पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा जो वास त्यातून येतो, त्यासाठी केळे किंवा लवंग कोणी घालत नाही. तो सगळा त्या यीस्टचा पराक्रम आहे. हा वास जायपत्रीशी आणि गोड मोहरीशी जसा जुळतो, तसा हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या, कडवट बिअरचा जुळत नाही. पुढच्या वेळी मी मुद्दाम वाइसवुर्स्टबरोबर कडवट पिल्सनर घेऊन पाहिली, आणि सॉसेजची नाजूक चव तिने पार झाकून टाकली.

गव्हाच्या या बिअरचा इतिहासही मोठा मजेशीर आहे. 23 एप्रिल 1516 रोजी इंगोलश्टाट येथे निघालेल्या प्रसिद्ध फर्मानाने बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालायला मनाई केली. त्यात गहू बसतच नव्हता. तरीही एका सरदार घराण्याला गव्हाच्या बिअरची सनद होती आणि 1602 मध्ये ते घराणे संपल्यावर हा हक्क बव्हेरियाच्या ड्यूकने स्वतःकडे घेऊन त्यावर भरपूर कमाई केली. पुढे या बिअरची आवड ओसरली, आणि 1872 मध्ये गेओर्ग श्नायडर या बिअर करणाऱ्याने ती गाळण्याचा हक्क मिळवून तिला जगवले.

एका संध्याकाळी आम्ही बिअर गार्डनमध्ये गेलो. खाली खडी, वर चेस्टनटच्या झाडांची गर्द सावली, आणि लांबलचक बाकांवर अनोळखी माणसे एकमेकांना सरकायला सांगत बसलेली. ती झाडे मुळात माणसांसाठी लावलेली नाहीत. 1539 पासून बव्हेरियात उन्हाळ्यात बिअर गाळायला बंदी होती, म्हणून वसंतातली बिअर जमिनीखालच्या तळघरांत बर्फावर साठवत आणि तळघर गार राहावे म्हणून वर ही रुंद पानांची झाडे लावत. लोक तिथेच येऊन पिऊ लागले, गावातल्या खाणावळींनी तक्रार केली, आणि 4 जानेवारी 1812 रोजी राजा माक्सिमिलियान याने तोडगा काढला: बिअर विका, पण जेवण वाढू नका. म्हणून आजही खऱ्याखुऱ्या बिअर गार्डनमध्ये घरचा डबा उघडून बसता येते. आमच्या शेजारच्या कुटुंबाने तर टेबलावर घरचे कापड अंथरून मुळ्याच्या चकत्या, चीज आणि थंड सॉसेजेस मांडली आणि त्यांतले एक आम्हाला आग्रहाने दिले.

आपल्याकडे दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, तिथे सॉसेज बदलते. न्युर्नबर्गला उतरलो तर समोर करंगळीएवढी ब्राटवुर्स्ट, म्हणजे भाजायची सॉसेजेस. नियमाने ती 7 ते 9 सेंटिमीटर लांब आणि 20 ते 25 ग्रॅम वजनाची असावी लागतात, आणि 2003 पासून युरोपीय संघाच्या कायद्यानुसार न्युर्नबर्ग शहरात केलेल्यालाच हे नाव लावता येते. खाणावळ बंद झाल्यावर कुलपाच्या भोकातून गिऱ्हाइकाला देता यावीत म्हणून ती इतकी बारीक झाली, असे तिथले लोक कौतुकाने सांगतात. खाणावळीच्या मधोमध बीच नावाच्या झाडाच्या लाकडांचा जाळ पेटलेला होता आणि जाळीवर शेकड्याने मांडलेली सॉसेजेस एक माणूस चिमट्याने भराभर उलटत होता. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की चर्र आवाज होऊन मरव्याचा वास उठे. होय, मरवाच! जो सुगंध आपण गजऱ्यात ओळखतो, तो इथे मांसात भेटला आणि मी क्षणभर खायची थांबले. कथिलाच्या ताटलीत सहा सॉसेजेस, साउअरक्राउट, म्हणजे आंबवलेला कोबी, आणि नाकात झिणझिण्या आणणारे किसलेले क्रेनचे, म्हणजे हॉर्सरॅडिशचे, मूळ आले. नवऱ्याने लगेच आणखी सहा मागवली. रस्त्यावर हीच तीन पावात घालून मिळतात, पण मला ती ताटलीतली, निवांतपणे खाल्लेलीच अधिक आवडली.

बर्लिनची करीवुर्स्ट, म्हणजे करी पावडर घातलेल्या सॉसमधले सॉसेज, खाल्ल्याखेरीज परतू नका, असे अनेकांनी बजावले होते. आम्ही त्याऐवजी बामबर्गला गेलो आणि मला त्याची खंत नाही. तिथली धुराची बिअर, राउखबिअर, गडद तपकिरी असते आणि तिच्यासाठी मोड आलेले जव, म्हणजेच माल्ट, बीचच्या जाळावर वाळवतात. पूर्वी माल्ट असे उघड्या जाळावर वाळवणे सर्रास होते, धूर टाळणाऱ्या भट्ट्या आल्यावर तो वास बहुतेक ठिकाणांहून गेला, पण बामबर्गने तो सोडला नाही. श्लेंकेर्ला नावाच्या जुन्या मद्यगृहात लाकडी पिंपातून थेट पेल्यात ती भरून देतात. पहिला घोट मला जळलेल्या लाकडासारखा लागला आणि मी पेला खाली ठेवला. पहिल्यावरून मत बनवू नका, तिसऱ्या पेल्याला गोडी लागते, असे समोर बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितले आणि मला ‘ब्लाउए त्सिप्फेल’ मागवायला सुचवले: कांदा आणि व्हिनेगरच्या पाण्यात शिजवलेली, किंचित निळसर छटा आलेली कच्च्या सारणाची सॉसेजेस. त्या आंबट रश्शाचा एक चमचा घेतला, त्यात मुरलेला कांदा खाल्ला आणि मग पेला पुन्हा उचलला. या खेपेस धुरामागचा माल्टचा गोडवा स्पष्ट जाणवला. आजोबांनी आपला पेला माझ्या पेल्याला लावला, डोळ्यांत बघून ‘प्रोस्ट’ म्हटले आणि रश्शात बुडवायला पावाची टोपली माझ्याकडे सरकवली.