लेकीच्या बाळंतपणाला म्युनिकला: नाशिकहून व्हिसा काढताना

लेकीला दिवस गेल्याची बातमी आली आणि आमच्या घरात पेढ्यांच्या आधी व्हिसाची चर्चा सुरू झाली. या विषयात प्रत्येकाकडे सल्ला तयार असतो. शेजाऱ्यांचा मुलगा अमेरिकेत, म्हणून ते म्हणाले, "दहा वर्षांचाच काढून टाका, कटकट नको." एका एजंटाने ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "जर्मनीच्या तारखा मिळत नाहीत काका, दुसऱ्या एखाद्या देशाचा शेंगेन काढू. एकदा आत शिरलात की कोण विचारतंय?"

विचारतात. शेंगेन म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपातल्या देशांचा गट. त्यात आज २९ देश आहेत आणि एका व्हिसावर सगळीकडे फिरता येतं, हे खरं. पण अर्ज कुठे करायचा हे आपण ठरवत नाही. ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्याच्याकडे करायचा. दिवस सारखेच असतील तर ज्या देशात आधी पाऊल ठेवणार त्याच्याकडे. फ्रान्समधल्या हॉटेलचं खोटं बुकिंग जोडून व्हिसा घेतला आणि सगळा मुक्काम म्युनिकला लेकीकडे केला, तर सीमेवर साध्या दोन प्रश्नांत ते उघडं पडतं आणि व्हिसा तिथेच रद्द होऊ शकतो. एजंट तेव्हा नाशिकमध्ये असतो.

शेजाऱ्यांचा सल्ला वेगळ्या कारणाने गैरलागू होता. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाची मुदत दहा वर्षं असते, पण एका खेपेला किती राहायचं ते तिथे उतरल्यावर ठरतं, साधारण सहा महिन्यांपर्यंत. शेंगेनचा अनेक खेपांचा व्हिसा जास्तीत जास्त पाच वर्षांचा मिळतो, आणि तो कितीही वर्षांचा असला तरी राहणं तेवढंच: कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस. हा झाला 'सी' प्रकार. त्याहून जास्त राहायचं तर 'डी' प्रकारचा राष्ट्रीय व्हिसा. तो नोकरी, शिक्षण, नवरा-बायकोने एकत्र राहणं अशा कारणांसाठी असतो. "नातवाला सांभाळायला" असा रकाना त्यात नाही.

एक वाट मात्र जर्मनीने काही जणांसाठी उघडली आहे. ज्या कुशल कर्मचाऱ्याला, म्हणजे ब्लू कार्ड वगैरे असलेल्याला, तिथला परवाना १ मार्च २०२४ किंवा त्यानंतर पहिल्यांदा मिळाला, तो आईवडलांना कायम राहायला बोलावू शकतो. आमच्या लेकीचा आणि जावयाचा परवाना त्याआधीचा, त्यामुळे आमच्यापुरता प्रश्न मिटला. ज्यांना लागू होतं त्यांनी घर विकायला काढण्याआधी आरोग्य विम्याची चौकशी करावी. साठीपुढच्या, बीपी-शुगर असलेल्या माणसाला तिथला पूर्ण विमा मिळवताना नाकी नऊ येतात, आणि त्याशिवाय परवाना नाही.

आता दिवसांचा हिशेब. बहुतेक जण इथेच अडकतात. नव्वद दिवस म्हणजे तीन महिने नव्हेत. आम्ही १० मार्चला म्युनिकला उतरलो. उतरल्याचा दिवस धरतात, निघाल्याचाही धरतात. मार्चचे २२, एप्रिलचे ३०, मेचे ३१ मिळून झाले ८३, म्हणजे नव्वदावा दिवस ७ जून. "तीन महिने" म्हणून कोणी ९ जूनचं तिकीट काढलं असतं तर दोन दिवस बेकायदा मुक्काम झाला असता आणि पुढच्या अर्जाला तो डाग कायम चिकटला असता. पुन्हा पूर्ण मुक्कामासाठी जायचं तर ६ सप्टेंबरपासून. युरोपियन कमिशनच्या संकेतस्थळावर यासाठी गणकयंत्र आहे, त्यात तारखा घालून पाहा आणि मगच तिकिटाला हात लावा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर येण्या-जाण्याची नोंद शिक्क्याऐवजी संगणकात करायला सुरुवात झाली आहे, त्यामुळे "शिक्का पुसट होता" वगैरे सबबी विसरायच्या.

हा हिशेब माणशी असतो, घराचा नव्हे. त्याचा आम्ही पुरेपूर फायदा घेतला. पहिले नव्वद दिवस आमचे, पुढचे नव्वद सांगलीच्या व्याह्यांचे. विहीणबाईंना आधी वाटलं की बाळ लहान असतानाचा मान आम्ही पटकावला. पण चौथ्या महिन्यापासून बाळ हसतं-खेळतं, आमच्या वाट्याला जागरणं आणि लंगोट, हे पटल्यावर त्या खूश झाल्या.

कधी जावं याबद्दल माझं मत ठाम आहे: तारखेच्या फार आधी जाऊ नका. आपल्याकडे सातव्या महिन्यापासून आई हवी असते, पण तिथे मोजून मिळालेले दिवस वाट पाहण्यात जातात. बाळंतपणानंतर सुईण घरी येऊन बाळाला आणि बाळंतिणीला तपासते, त्याचा खर्च विम्यातून होतो. आईला तारखेआधी सहा आणि नंतर आठ आठवडे पगारी रजा असते. जावयानेही रजा घेतली होती. खरी गरज लागते ती जावई कामावर रुजू झाल्यावर. बाळाची तारीख मार्चअखेरची होती आणि स्वारी त्यापुढेही आठवडाभर लोळत राहिली. महिनाभर आधी गेलो असतो तर हात चोळत बसलो असतो.

कागदपत्रांत पहिली गोष्ट प्रवासाचा हेतू. 'पर्यटन' लिहा, बाळंतपणाचं नाव काढू नका, असं सांगणारे खूप भेटतील. आम्ही 'कुटुंबीयांना भेट' लिहिलं आणि सोबतच्या पत्रात सरळ सांगितलं: मुलगी गरोदर आहे, अमुक तारीख आहे, आम्ही तिच्याकडेच राहणार, ७ जूनच्या आत परतणार. जर्मनीत गरोदर बाईला तपासण्यांची एक वही देतात, त्यातलं तारखेचं पान जोडलं. नातं दाखवायला लेकीच्या पासपोर्टचं शेवटचं पान कामी येतं, त्यावर आईवडलांची नावं असतात. फक्त स्पेलिंग जुळवून बघा. नवऱ्याच्या नावात एक 'ए' कमी-जास्त, लग्नानंतरचं नाव एकीकडे आणि माहेरचं दुसरीकडे, हे आपल्याकडे घरोघरी. फरक असेल तर पत्रातच दोन ओळींत खुलासा करा.

यजमान खर्चाची हमी घेणार असतील तर त्यांना तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन औपचारिक हमीपत्र करावं लागतं, फी २९ युरो. साध्या कागदावर लिहिलेलं निमंत्रण म्हणजे हे हमीपत्र नव्हे. मूळ प्रतच लागते, ती कुरियरने येईपर्यंत आमचा जीव टांगणीला. हमीपत्र सहा महिन्यांपेक्षा जुनं झालेलं चालत नाही, म्हणून फार लवकरही करून ठेवू नये.

हमीपत्र असलं तरी आम्ही आमचे पेन्शनचे आणि बँकेचे कागद जोडले. परत यायला इथे काहीतरी आहे हे दिसायला हवं. आमच्या ओळखीच्या पिंपळगावच्या द्राक्ष बागायतदारांची अडचण वेगळी होती: वर्षभर खात्यात खडखडाट आणि हंगामात एकदम मोठी रक्कम. अर्जाच्या तोंडावर कोणीतरी पैसे भरून खातं फुगवलंय असंच ते दिसतं. त्यांनी व्यापाऱ्याच्या पावत्या, सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर आणि शेतीचं उत्पन्न दाखवलेलं विवरणपत्र जोडलं, वर एक खुलाशाचं पत्र. काम झालं.

विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि सगळे दिवस भरून काढणारा हवा. एक दिवस कमी पडला तरी कागद परत. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला पाहिजे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला पंधरा दिवस, कधी पंचेचाळीसपर्यंत. फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, अर्ज घेणाऱ्या केंद्राचं शुल्क वेगळं, आणि नकार आला तरी यातलं काही परत मिळत नाही.

पासपोर्टची पुस्तिका छापतात आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये, पण तिच्यावर व्हिसाचं स्टिकर लावून घ्यायला आम्हाला मुंबई गाठावी लागली. सकाळची अपॉइंटमेंट घेऊच नका. आम्ही दुपारची घेतली, सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने निघालो, दादरला उतरलो, पोहे खाऊनसुद्धा वेळेआधी पोचलो. गाडीने जायचं असेल तर इगतपुरीपासून समृद्धी आहे, पण मुंबईत शिरल्यावर जो वेळ जातो त्याला समृद्धी काय करणार! देशागणिक केंद्र वेगळं असू शकतं, तेव्हा जुन्या ओळखीवर न जाता अपॉइंटमेंटच्या कागदावरचा पत्ता वाचा.

काउंटरवरच्या मुलीने कागद तिच्या यादीच्या क्रमाने मागितले. घरून तोच क्रम लावून नेला होता, म्हणून दहा मिनिटांत मोकळे झालो. शेजारच्या काउंटरवर एक गृहस्थ पिशवीतून एकेक कागद उपसत होते, अधूनमधून लाइट बिलही निघत होतं. वेळ लागला तो माझ्या बोटांना. आयुष्यभर भांडी घासून रेषा झिजलेल्या, यंत्र काही ठसा घेईना. तिने ओला रुमाल दिला, मग कोरडा दिला, अंगठा दाबून धरला, तेव्हा कुठे हिरवा दिवा लागला. हे ठसे ५९ महिने वापरता येतात, त्या मुदतीत पुढचा अर्ज केला तर सहसा पुन्हा द्यावे लागत नाहीत.

पासपोर्ट परत आला की स्टिकर चष्मा लावून वाचा. त्यावर 'पासून-पर्यंत' अशा दोन तारखा असतात आणि मुक्कामाचे दिवस वेगळे लिहिलेले असतात. तारखांमधलं अंतर बऱ्याचदा दिवसांपेक्षा जास्त असतं. ती सवलत तारीख मागेपुढे करायला आहे, जास्त राहायला नाही. खेपांच्या रकान्यात '०१' असेल तर शेंगेनबाहेर पडल्यावर परत येता येत नाही. आम्ही बाळ दीड महिन्याचं झाल्यावर चार दिवस पॅरिसला जाऊन आलो, त्याला काही अडचण नाही, झुरिकलाही नसती. लंडनला भाचीकडे जायचा ह्यांचा फार आग्रह होता. त्याला ब्रिटनचा वेगळा व्हिसा आणि परतायला 'मल्ट' (म्हणजे अनेक खेपा) लिहिलेलं शेंगेन लागलं असतं. आमच्याकडे '०१' होतं. भाचीच येऊन बाळ पाहून गेली.

बाळंतिणीसाठी काय न्यायचं, हा व्हिसाइतकाच गहन प्रश्न. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, खवा नाही. मी डिंक, खारकेची पूड आणि भाजलेल्या अळीवाची पूड नेली आणि तिथल्या बिनमिठाच्या लोण्याचं तूप कढवून लाडू वळले. कढवताना घरातला धुराचा अलार्म वाजला, खालच्या आजीबाई वर आल्या, त्यांनाही एक लाडू दिला. औषधं मूळ वेष्टनात न्या, डॉक्टरच्या चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या.

परतल्यापासून लोक विचारतात ते मुलांचं: "आधी भेटीच्या व्हिसावर जाऊ दे, तिथे गेल्यावर नोकरी बघेल." या व्हिसावर काम करता येत नाही आणि तिथे बसल्या बसल्या तो नोकरीच्या व्हिसात बदलूनही मिळत नाही. नोकरी शोधायलाच जायचं तर जून २०२४ पासून गुणांवर मिळणारं 'चान्सनकार्ट' आहे. शिकायला जायचं तर एपीएस प्रमाणपत्र (इथल्या शिक्षणाची कागदपत्रं तपासून मिळणारं) आणि वर्षभराच्या खर्चाचे पैसे अडकवून ठेवलेलं खातं लागतं. त्याचा अर्ज इथूनच.

नकार आला तर जर्मनीत पूर्वी फेरविचाराचा अर्ज फुकट करता यायचा. तो जुलै २०२५ पासून बंद झाला. आता एक तर बर्लिनच्या कोर्टात जा, नाहीतर त्रुटी दुरुस्त करून फी भरून नवा अर्ज करा. बहुतेकांना दुसराच मार्ग परवडतो.

आमचा हा पहिला शेंगेन. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी असा नियम आहे की तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून नीट वापरले तर पुढचा दोन वर्षांचा, अनेक खेपांचा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा, पासपोर्टची मुदत तेवढी शिल्लक असेल तर. ह्यांचा पासपोर्ट दोन वर्षांनी संपतोय, म्हणून तिसऱ्या अर्जाआधी तो नवा करून घ्यायचा असं ठरवलंय.