तुम्ही विचारलंत म्हणून: घराचं काम कुठवर आलं?

भेटेल तो पहिल्यांदा हेच विचारतो, "घराचं काम कुठवर आलं?" आणि दारातून आत डोकावला की लगेच पुढचं, "म्हणजे अजून रंगही नाही लागला?" विचारण्यात आपुलकीच असते, म्हणून एकदा नीट सांगते.

रंग लागलेला नाही. फरशी फक्त न्हाणीघरात बसली आहे. तरीही निम्म्याहून जास्त काम झालंय, आणि जे झालंय ते मला पुढे व्हायच्या कामापेक्षा मोलाचं वाटतं. ते भिंतींच्या आत आणि जमिनीखाली आहे, एवढंच.

सगळ्यात जास्त वेळ खाल्लाय तो मागच्या खोलीच्या भिंतीने. घर घेतलं तेव्हापासून ती खालून कंबरेपर्यंत ओली. रंगाचे पोपडे सुटलेले, त्याखाली हाताला लागणारा पांढरा लोणा, म्हणजे क्षारांची भुकटी. अशा भिंतीवर सगळे एकच उपाय सुचवतात: खरवडा, पुट्टी भरा, वर वॉटरप्रूफ रंग मारा. तसं केलं तर भिंत काही महिने छान दिसते. पण पाणी आतच असतं. ते पृष्ठभागाकडे येतं, वाळतं, सोबत आणलेले क्षार मागे सोडतं, आणि हे क्षार फुगले की नवा थर सुटून पडतो. म्हणून ओल कुठून येते हे कळेपर्यंत करणीला हात लावायचा नाही, असं घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं.

ओल जमिनीतून विटांतल्या बारीक छिद्रांवाटे वर चढते, बाहेरच्या भेगांतून पावसाबरोबर येते, गळक्या पाइपातून झिरपते, किंवा खोलीतल्या हवेतलीच वाफ थंड भिंतीवर जमते. प्रत्येकीचा इलाज निराळा. एकीचं औषध दुसरीला चालत नाही. तपासायची एक साधी रीत आहे आणि ती आमच्या मुलीने केली: पारदर्शक प्लॅस्टिकचे हातभर तुकडे घेऊन भिंतीवर चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवायचे आणि दिवसभर तसेच ठेवायचे. थेंब प्लॅस्टिकच्या खोलीकडच्या बाजूला आले तर ती हवेतली वाफ, भिंतीकडच्या बाजूला आले तर ओल भिंतीतूनच येतेय. तिने एक तुकडा खाली लावला आणि एक तिच्या डोक्याच्या उंचीवर. दुसऱ्या दिवशी खालचा आतून दवाने पांढुरका झाला होता, वरचा कोरडा ठणठणीत. म्हणजे पाणी खालून चढत होतं.

कारण सापडलं ते सासऱ्यांना. ते बाहेरच्या बाजूने भिंतीलगत बसून जोतं निरखत होते. जोत्यावर डीपीसी म्हणजे ओल अडवणारा थर असतो. जमिनीतलं पाणी तिथेच थांबावं म्हणून तो घालतात. आमच्याकडे तो होता आणि चांगला शाबूत होता. पण बाहेर वर्षानुवर्षं भराव पडत गेला होता आणि माती त्या थराच्याही वर आली होती. पाण्याला थर ओलांडायची गरजच नव्हती, ते बाजूने सरळ भिंतीत शिरत होतं. मग आम्ही सगळ्यांनी मिळून ती माती खणून काढली, थराच्या खाली वीतभर तरी जोतं मोकळं राहील इतकी, आणि पाणी भिंतीपासून लांब वाहावं असा उतार दिला. कुठलंही रसायन लागलं नाही.

आता वेळेचा प्रश्न. कारण दूर झालं तरी भिंतीत मुरलेलं पाणी बाहेर पडायला वेळ लागतो. ठोकळ हिशेब असा की जाडीच्या प्रत्येक इंचाला साधारण एक महिना. आमची भिंत 9 इंची. हवा खेळती असेल तर थोडं लवकर होतं, पण आठवड्यांत नक्कीच नाही. ओलीच्या खुणेच्या हातभर वरपर्यंतचा गिलावा आम्ही ठोकून काढलाय. उघड्या विटांवर लोणा आला की सासूबाई तो कोरड्या ब्रशने झाडून गोळा करतात. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून परत विटेत जातात, म्हणून कोरडाच. तुम्हाला दिसते ती "अर्धवट सोडलेली" भिंत ही आहे. ती सोडलेली नाही, तिच्यावर रोज काम चाललंय.

दरम्यान बाकीचं होत राहिलं. जुना रंग खरवडायचा होता, आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासलं नाही. भिंत पाण्याने भिजवून, मास्क लावून, मुलांना त्या खोल्यांपासून पूर्ण लांब ठेवून काढला. वायरिंगसाठी झिऱ्या, म्हणजे भिंतीत खाचा, आम्ही मारल्या, पाइप आम्ही बसवले. तारा ओढणं, अर्थिंग आणि मुख्य जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनने केली. तसंच, कुठली भिंत वरचं वजन पेलते आणि कुठली नुसता आडोसा आहे हे इंजिनिअरने सांगेपर्यंत एकाही भिंतीवर घण उचलला नाही. स्वतःच्या हाताने करायचं म्हणजे सगळंच स्वतः करायचं असं मी मानत नाही.

झिऱ्या बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढलाय, कोपऱ्यापासून मोजपट्टी धरून. उद्या खिळा ठोकताना आत कुठे तार आहे, कुठे पाण्याचा पाइप आहे, ते त्यात दिसेल. माझ्या मते पूर्ण कामातली ही सगळ्यात उपयोगाची गोष्ट आहे, आणि तिला खर्च काहीच नाही.

न्हाणीघराच्या फरशीला उतार लागतो, मीटरला किमान एक सेंटिमीटर. डोळ्याला कळत नाही, पाण्याला बरोबर कळतो. वॉटरप्रूफिंग झाल्यावर जाळीचं तोंड बंद करून तळाशी पाणी साठवलं, कडेला पेन्सिलने रेघ मारली आणि पूर्ण दिवसरात्र तसंच ठेवलं. पाणी रेघेवरच राहिलं, खाली कुठे डाग नाही, तेव्हाच फरशा लावायला घेतल्या. शेवटची फरशी पक्की झाल्यावर धाकट्याने दाराशी तांब्याभर पाणी ओतलं. ते क्षणभर थबकलं, मग सगळंच्या सगळं जाळीकडे निघालं. घरातले सगळे दारात उभं राहून ते बघत होतो. इतका आनंद मला नव्या रंगाने होईल असं वाटत नाही.

मजुरी वाचते का, हेही विचारता. वाचते, पण वेळ बराच जातो, आणि धूळ सगळीकडे असते. घाई असेल, घरात कुणी दम्याचं असेल, तर खुशाल माणसं लावा. आम्ही करतोय ते आम्हाला हे घर आतून कळावं म्हणून.

पुढे काय? भिंत वाळली की तिच्यावर चुन्याचा गिलावा, कारण तो उरलीसुरली ओल बाहेर जाऊ देतो आणि घट्ट सिमेंट ती कोंडून ठेवतं. मग छताचा रंग, मग भिंतींचा, आणि बाकी खोल्यांच्या फरशा सगळ्यात शेवटी. बघायला यायचं असेल तर रंगाची वाट बघू नका. भिंत उघडी आहे तोवरच या.