एकादशीचे खरकटे

परळमधील आमच्या प्रयोगशाळेत शेजारच्या वसतिगृहाच्या खानावळीतून रोज दोन बादल्या खरकटे येते आणि त्यापासून जिवाणूंकरवी प्लास्टिक घडवणे हे माझे काम आहे. खरकटे वाटून हवाबंद टाकीत तीन-चार दिवस आंबवले की त्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी आम्ले तयार होतात. गाळलेला तो आंबट द्राव क्युप्रिॲव्हिडस नेकेटर या जिवाणूला ३० अंश सेल्सिअस तापमानात, भरपूर हवा देत खाऊ घालायचा. कार्बन मुबलक पण नायट्रोजनची टंचाई, अशी स्थिती आली की हा जिवाणू वाढ आवरती घेतो आणि कार्बन पीएचबी नावाच्या पॉलिएस्टरच्या, म्हणजे आम्हाला हव्या असलेल्या प्लास्टिकच्या, कणांत साठवू लागतो. अनुकूल स्थितीत त्याच्या कोरड्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत हे कण असू शकतात.

आमचे जिवाणू मात्र दोन महिने काही साठवायला तयार नव्हते. हे कण काळे दाखवणारा सुदान ब्लॅक रंग देऊन पाहिले की काचपट्टीवर गुलाबी पेशींची दाटी दिसे, काळे कण शोधावे लागत. मी कधी हवेच्या पंपाला दोष दिला, कधी मिठाला, तर कधी उसळीच्या तर्रीला.

आषाढी एकादशीनंतर आठवडाभराने, धो धो पावसाच्या एका सकाळी, मी नेहमीप्रमाणे काचपट्टी लावली आणि पेशी काळ्या कणांनी गच्च भरलेल्या दिसल्या. रंगच बिघडला असावा म्हणून तीन पट्ट्या नव्याने केल्या, पण दृश्य तेच राहिले. नोंदवही चाळली, तर मी काहीही बदललेले नव्हते. उत्तर बादल्या आणणाऱ्या मावशींकडून मिळाले. "ताई, ते एकादशीचं खरकटं होतं ना? त्या दिवशी डाळ शिजलीच नाही. साबुदाणा, बटाटा, रताळं, वऱ्याचे तांदूळ, एवढंच."

डाळीतील प्रथिने आंबताना फुटतात आणि त्यांतून अमोनिया, म्हणजे नायट्रोजनचे संयुग, सुटतो. मी अमोनियमचे क्षार मोजूनमापून कमी करत होते आणि खानावळीची आमटी तोच नायट्रोजन रोज परत ओतत होती! आम्ले मी दर घाण्याला तपासत असे, अमोनिया मात्र एकदाही नाही. हा हलगर्जीपणा सर्वस्वी माझा. फ्रिजमध्ये ठेवलेले जुने नमुने त्याच दुपारी तपासले, तेव्हा एकादशीच्या द्रावात अमोनिया सर्वांत कमी निघाला. (खिचडीत दाण्याचे कूट होते, पण डाळीच्या मानाने ते किरकोळच ठरले.) तरीही एका एकादशीवर भिस्त ठेवणे मला पटेना. उरलेल्या द्रावाचे दोन भाग करून एकात अमोनियमचा क्षार मिसळला. दुसऱ्या दिवशी त्या भागात पेशी भरमसाट वाढल्या होत्या आणि कण जवळजवळ नाहीसे झाले होते.

म्हणजे आधीचे घाणे वाया गेलेले नव्हते. नायट्रोजन भरपूर मिळाला की हाच जिवाणू प्लास्टिकऐवजी स्वतःचे शरीर वाढवतो, आणि ते मुख्यतः प्रथिनांचे असते. ही प्रथिने मोजताना सावध राहावे लागते : नायट्रोजनला ६.२५ ने गुणण्याची रूढ पद्धत येथे आकडा फुगवते, कारण पेशीतील न्यूक्लिक आम्लांचा (डीएनए, आरएनए) नायट्रोजनही त्यात धरला जातो. ही आम्ले माणसाच्या पोटात फार गेली तर रक्तातील युरिक आम्ल वाढते, म्हणून आम्ही सध्या मत्स्यखाद्यापुरताच विचार करतो.

आता मावशी डाळ-उसळीची बादली वेगळी आणि भात-बटाट्याची वेगळी आणतात. एकादशीच्या घाण्यातील पेशी वाळवून, क्लोरोफॉर्मने पीएचबी काढून मी काचेवर पातळ पापुद्रा ओतला होता. कौतुकाने तो मावशींच्या हाती दिला. त्यांनी जरा वाकवताच त्याचे दोन तुकडे झाले. "ही तर साबुदाण्याची पापडी," त्या म्हणाल्या. निव्वळ पीएचबी ठिसूळच असते. प्रोपिऑनिक आम्लाचे प्रमाण वाढवले तर जिवाणू अधिक लवचीक सहबहुवारिक (दोन प्रकारच्या घटकांची मिश्र साखळी असलेले प्लास्टिक) बनवतो, म्हणून सध्या भाताच्या बादलीवर तेच करून पाहत आहे.