हळदीकुंकू पुन्हा पंख हलवतंय!

जांबोटी रस्त्याच्या कडेला मेलेलं सापडलेलं हळदीकुंकू फुलपाखरू आज एकदाचं, हँडल फिरवलं की त्याचे पंख हलवणाऱ्या आमच्या यंत्रावर बसलं. जिवंत फुलपाखरू धरायचं नाही, हे आमचं पक्कं ठरलेलं.

वाळून कडक झालेले पंख जोर लावून उघडले तर मोडतात. म्हणून ओल्या वाळूच्या बंद डब्यात दोन दिवस ठेवलं, बुरशी धरू नये म्हणून सोबत डांबरगोळी. मऊ झाल्यावर चिमट्याने हळूच उघडलं. बोट लावायचंच नाही, रंग बारीक खवल्यांत असतो, बोटाला लागला की गेलाच. मागचा पंख फाटला होता. एरवी ठिगळ खालून लावतात, पण याचं सगळं सौंदर्य खालच्याच बाजूला: पिवळ्याधमक रंगावर कुंकवाचे ठिपके! म्हणून पातळ कागद वरच्या पांढऱ्या बाजूने चिकटवला, सुईच्या टोकावर मावेल एवढ्याच डिंकाने.

सुकलेला पंख वाकत नाही, त्यामुळे बिजागरी कागदी पट्टीची केली. पितळी कॅम, म्हणजे फिरता फिरता पंख वरखाली करणारी चकती, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या लेथवर करून घेतला. हँडल फिरवल्यावर लेथवाले काका ओरडलेच, “अरे, हे उडतंय बघ की!” मला तर भरून आलं.

एक मिशी तुटलेली आहे, ती उद्या जोडणार.