तुम्ही विचारलंत म्हणून: पणजोबांचं पत्र

१९०० सालच्या चीनच्या लढाईवरून (बॉक्सरांचं बंड मोडायला इंग्रजांसह आठ राष्ट्रं गेली ती) आलेलं पणजोबांचं पत्र छापायला का देत नाही, असं ग्वाल्हेरातला प्रत्येक स्मरणिकावाला मला विचारतो. सगळं छापा, मग बोलू. तुम्हाला हवा असतो तो ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी दिलेल्या इस्पितळ-जहाजाचा मजकूर. तो चार ओळींचा आहे. बाकी पत्र लुटीचं आहे.

मोडी वाचायला वडिलांनी दौलतगंजातल्या एका वृद्ध गृहस्थांना बोलावलं होतं. जहाजाच्या ओळी आल्या तेव्हा सगळे खूश. मग तुंगचाऊ आलं. पेकिंगच्या अलीकडचं नदीकाठचं शहर, ऑगस्ट १९००. आठ राष्ट्रांच्या फौजा घराघरांत शिरल्या होत्या. बायकांनी विहिरी जवळ केल्या होत्या. पणजोबा खेचरांच्या तुकडीत. पाणी काढायला गेले तर पोहरा खाली जाईना. तिथं वाचणारे थांबले. "पुढं वाचू ना?" आत्या उठून आत गेली. वडील म्हणाले, "वाचा." पुढं रेशीम, फरचे अंगरखे, घड्याळं पणजोबांच्याच खेचरांवर लादल्याचं होतं. पेकिंगात इंग्रजांच्या वकिलातीत लुटीचे लिलाव होत, हुद्द्याप्रमाणे वाटे पडत, हेही होतं. शेवटी, मनिऑर्डर करतोय, पावसाआधी घर शाकारून घ्या.

आणि मध्येच लिहिलंय, आजी झाशीचं सांगायची ते इथं डोळ्यांनी पाहिलं. ही आजी १८५८ मध्ये इंग्रज सेनापती रोझच्या फौजेनं झाशी लुटली तेव्हा नेसत्या लुगड्यानिशी ग्वाल्हेरला आलेली. झाशीची लूट आमच्याकडे अजून काल घडल्यासारखी सांगतात. तुंगचाऊचं नाव कुणी काढत नाही.

तरुणपणी मी म्हणायचो, हुकमाचा ताबेदार माणूस, करणार काय? आजही कुणी त्यांना लुटारू म्हटलं तर मी भांडेन. खेचरं लादायचा हुकूम होता, मान्य. पण वाटा घरी पाठवायचा हुकूम कुणी दिला नव्हता. झाशी आठवत असताना त्यांनी तो पाठवला, आणि त्या छपराखाली माझे आजोबा वाढले. मनिऑर्डरीच्या ओळीत हात अडखळला का, हे मी पुष्कळदा निरखून पाहिलंय. अक्षर तसंच सरळ आहे.

एका संपादकांनी विहिरीचा भाग गाळायची परवानगी मागितली, वाचकांना त्रास होईल म्हणून. होऊ दे. लिहिणाऱ्यालाही झाला असणार, तरी त्यानं घरच्यांपासून लपवलं नाही. आत्या म्हणते, जाळून टाक. ते मी करणार नाही. छापायचं तर विहिरीसकट, झाशीसकट, मनिऑर्डरीसकट; आणि आत्या आहे तोवर तेही तिला विचारून.