आमची वाटचाल : चलनात न आलेल्या नाण्यांच्या संगतीत

अण्णा सोलापुरात गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा हाती हिशेबाचे थोडे पैसे आणि हौसेनं जमवलेल्या नाण्यांचे तीन डबे होते. त्या वर्षी गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर सतरंजी टाकून ते नाणी विकायला बसले. पुढे मंगळवार पेठेत गाळा घेतला, अल्बम आले, पाकिटं आली. पण आमच्या धंद्याला खरं वळण लागलं ते पॅटर्न नाण्यामुळे.

नवं नाणं काढण्याआधी टांकसाळ मोजके नमुने पाडते, तेच पॅटर्न. चित्र कसं उठतं, धातू कसा बसतो हे त्यावर पारखतात. नापसंत नमुना चलनात येत नाही. आपल्या प्रजासत्ताकाची पहिली नाणी १५ ऑगस्ट १९५० ला निघाली: पैशावर घोडा, दोन आण्यांवर बैल, रुपयावर गव्हाच्या ओंब्या. त्याआधीचे नमुने १९४९ सालचे. त्या सालचा रुपया बाजारात कधी आलाच नाही.

असाच एक ‘१९४९ चा रुपया’ अण्णांनी बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याकडून घेतला आणि अक्कलकोटच्या एका गुरुजींना विकला. काही महिन्यांनी गुरुजी तो अल्बमसाठी घेऊन आले, तेव्हा मी सहज भिंग लावलं. सिंहांच्या आयाळी विरघळल्यासारख्या दिसत होत्या, मोकळ्या जागेत बारीक खड्डे होते, आणि किनारीच्या खाचांवरून नख फिरवलं तर एक सलग रेघ लागत होती. साच्यात ओतलेलं नाणं! ठशाखाली दाबून पाडलेल्या नाण्याला अशी सांध्याची रेघ नसते. अण्णांनी गल्ल्यातून आणि घरातून मिळून सगळी रक्कम तिथंच परत केली. गुरुजींनी पैसे मोजले नाहीत, तसेच पिशवीत ठेवले. व्यापाऱ्यानं आमचे पैसे दिले नाहीत ते नाहीतच.

तेव्हापासून आम्ही बिलावर स्पष्ट लिहितो: अस्सल, रिस्ट्राइक की नक्कल. मुंबई आणि कोलकात्याच्या टांकसाळींनी जुन्या ठशांवरून संग्राहकांसाठी पुन्हा पाडलेली नाणी म्हणजे रिस्ट्राइक. ती खोटी नव्हेत, पण मूळच्या भावानं विकणं हा अपराधच, असं मी मानतो.

आठव्या एडवर्डचं नाणं मागणारेही येतात. त्यानं डिसेंबर १९३६ मध्ये गादी सोडली, म्हणून ब्रिटनमध्ये तयार झालेले त्याच्या चेहऱ्याचे नमुने तसेच राहिले. अशा गिऱ्हाइकाला आम्ही कच्छ संस्थानची १९३६ ची ‘कोरी’, म्हणजे तिथलं चांदीचं नाणं, दाखवतो. तिच्यावर त्याचा चेहरा नाही, पण फारसी लिपीत नाव आहे आणि ती खरोखर चलनात होती.

हल्ली व्हिडिओ पाहून लोक १९४७ चा वाघाचा रुपया ‘पॅटर्न’ म्हणून आणतात. तो निकेलचा, चलनातलाच. कुणी मुलीच्या लग्नाचा हिशेब मनात धरून आलेलं असतं, तेव्हा नाही म्हणताना जीभ जड होते. तरी सांगतोच.

अस्सल पॅटर्न आमच्या दुकानात एकदाच आलं. घेण्याची ऐपत नव्हती, मालकांना मुंबईच्या लिलावात द्या म्हणून सुचवलं. जाण्याआधी त्यांनी ते अण्णांच्या हातात दिलं. अण्णांनी फक्त कडेला धरून, दारातल्या उजेडात, चहा पार निवेपर्यंत पाहिलं.